ऑफिसचा मेल क्लाउडवर नेताना एमएक्स सगळ्यात शेवटी बदला

जिनिंग असो, दालमिल असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की वरुड-मोर्शीकडचं संत्र्याचं पॅकिंग हाउस, मेल क्लाउडवर नेल्यावर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. नवीन मेल येतोय, पण मागच्या पाच वर्षांचा दिसत नाही. टॅलीतून बिल जात नाही. वेबसाइट बंद पडली. एका पार्टीचा मेल पोचतो, दुसरीचा पोचतच नाही. यात क्लाउड कंपनीचा दोष क्वचितच असतो. आधी नवीन सेवा घेतली, त्याच दुपारी एमएक्स (येणारा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा हे सांगणारी डोमेनची ओळ) बदलला, आणि जुना मेल नेमका कुठे होता हे शोधायला त्यानंतर सुरुवात झाली, असा तो सगळा उलटा क्रम असतो.

खालचा क्रम तीन ते पंधरा माणसांच्या ऑफिससाठी आहे: मेल वेबसाइटच्या होस्टिंगसोबत मिळालेला, आउटलुकमध्ये उघडणारा, आणि कॉम्प्युटरचं काही बिघडलं तर तालुक्याहून कोणाला तरी बोलवावं लागतं असं ऑफिस. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो मेल, तिन्हींना तो चालतो. जिथे फरक आहे तिथे सांगितलं आहे.

## १. डोमेनची चावी कोणाकडे आहे ते आधी पाहा

मेल पत्त्यात ‘अॅट’च्या पुढे जे येतं ते तुमचं डोमेन. ते कुठल्या कंपनीकडे नोंदवलंय, त्या पॅनेलचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि मुदत कधी संपते, या तीन गोष्टी कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. गावाकडे बहुतेक वेळा डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या पोराने स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. तो आता पुण्यात नोकरी करतो आणि फोन उचलत नाही.

डोमेनची नोंदणी, डीएनएस (डोमेनचा मेल आणि वेबसाइट कुठे आहे हे सांगणाऱ्या ओळींची यादी) आणि होस्टिंग ही तीन वेगळी खाती आहेत. तिन्ही एकाच कंपनीकडे असू शकतात, तीन ठिकाणीही असू शकतात. एमएक्स बदलायचा असतो तो डीएनएसमध्ये.

तपासा: दुसऱ्याच्या भरवशावर न राहता स्वतः लॉगिन करून डीएनएसचं पान उघडा. मालकाच्या जागी फर्मचं नाव हवं. नोंदणीचा संपर्क-मेल त्याच डोमेनवरचा असेल तर आताच बदलून वेगळ्या जीमेलचा द्या. मेल बंद पडल्यावर पासवर्ड बदलायची लिंक बंद पडलेल्या पेटीत गेली तर ती उघडणार कशी?

मुदत दोन महिन्यांत संपत असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या.

## २. जुना मेल नेमका कुठे पडला आहे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडा. खात्याच्या नावासमोर ‘पॉप’ आहे की ‘आयमॅप’, एवढंच पाहायचं.

आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरवर त्याची प्रत आहे. नवीन सेवा तो सर्व्हरवरून थेट उचलू शकते. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरून कॉम्प्युटरमधल्या पीएसटी फाइलमध्ये जाऊन बसतो. आउटलुकच्या पॉप सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ आणि ‘१४ दिवसांनी काढा’ या दोन खुणा बहुतेक वेळा जोडीने लावलेल्या असतात, म्हणजे सर्व्हरवर जेमतेम दोन आठवड्यांचा माल. अशा सर्व्हरवरून मायग्रेशन केलं की पडद्यावर ‘यशस्वी’ येतं, आणि ते खोटंही नसतं. सर्व्हरवर होतं तेवढं आलं.

पॉपची आणखी एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. तुम्ही आउटलुकमधून पाठवलेला मेल सर्व्हरवर साठतच नाही. ‘सेंट’चा सगळा फोल्डर फक्त त्या कॉम्प्युटरवर असतो. दर ठरल्याचा, गाठी लोड झाल्याचा, हमी दिल्याचा पुरावा बहुधा तुम्ही पाठवलेल्या मेलमध्येच सापडतो.

एकच पत्ता दोन मशीनवर पॉपने लावला असेल तर मेल वाटला गेलेला असू शकतो. काही दिवाणजींच्या डेस्कटॉपवर, काही सेठजींच्या लॅपटॉपवर. दोन्ही फाइली लागतील.

वहीच्या एका पानावर रकाने आखा: मेल पत्ता, वापरणारा, पॉप की आयमॅप, फाइल कुठे आहे, फाइल किती मोठी. मग प्रत्येक मशीनवर सगळ्या ड्राइव्हमध्ये पीएसटी फाइली शोधा. नेहमीची जागा डॉक्युमेंट्समधला ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डर. पण फॉरमॅट मारताना कोणीतरी जुनी फाइल डी ड्राइव्हमध्ये ‘ओल्ड’, ‘ओल्ड न्यू’ असल्या नावाने टाकून ठेवलेली असते, आणि २०१९ चा मेल नेमका तिच्यात निघतो.

सावधान: ९७-२००२ या जुन्या प्रकारच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी आहे. तिथपर्यंत पोचलेली फाइल खराब होते. नव्या प्रकाराला आउटलुक २०१० पासून ५० जीबीपर्यंत वाव आहे. फाइल उघडताना कुरकुर करत असेल तर आउटलुकसोबत येणाऱ्या स्कॅनपीएसटीने दुरुस्त करा. मूळ फाइलवर हात ठेवू नका, प्रतीवर करा.

## ३. मेल कुठे कुठे वापरला जातो त्याची यादी

माणसं लक्षात राहतात, यंत्रं राहत नाहीत. टॅलीतून जाणारी बिलं, स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचे अलर्ट, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म. या प्रत्येकात जुन्या सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड भरलेला आहे. यादीत लिहा.

पत्ता तोच राहणार असेल तर सरकारी पोर्टलवर काही बदलावं लागत नाही. पण आजवर साधं जीमेल वापरत होतात आणि आता फर्मच्या डोमेनवर येताय, तर जीएसटी, इन्कम टॅक्स, ईपीएफओ, उद्यम, बँक, निर्यात असेल तर डीजीएफटी, या सगळीकडे पत्ता बदलावा लागेल. जीएसटीत प्राधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मेल बदलणं ‘नॉन-कोअर’ दुरुस्तीत येतं, ओटीपीवर होतं. जुनं जीमेल वर्षभर तरी उघडं ठेवा. कुठलं तरी एक पोर्टल विसरलं जातंच.

## ४. दिवस ठरवा, आणि लाइनीचा हिशेब करा

जिनिंगवाल्यांनी कापूस सुरू झाल्यावर हे काम काढू नये. आवक थांबल्यावर करा. कृषी केंद्रवाल्यांचं उलट, त्यांना जूनमध्ये मान वर करायला फुरसत नसते. महिन्यातली तारीख सर्वांसाठी सारखी: मासिक विवरण भरणाऱ्यांना ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, म्हणून २१ नंतरचा आठवडा बरा. मार्च आणि सप्टेंबरचा शेवट टाळा.

आता इंटरनेट. पीएसटीतला मेल वर चढवायचा तर अपलोडचा वेग लागतो, आणि स्पीड टेस्टमध्ये आपण बघतो डाउनलोड. २० जीबी मेल १ एमबीपीएस अपलोडने चढवायला साधारण ४४ तास लागतात, ५ एमबीपीएसने ९ तास. हा कागदावरचा हिशेब, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. मधे लाइन गेली की काम अडकतं. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर साध्या बोर्डावर असतात, म्हणजे कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. ते दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. पावसाळ्यात कडाडायला लागलं तर काम थांबवा, वायर काढा.

गावात अपलोड अगदीच रडका असेल तर मशीन उचलून तालुक्याला किंवा नागपूरला पाहुण्याच्या घरी न्या आणि तिथून चढवा. हसण्यासारखं वाटतं, पण आठवडा वाचतो.

## ५. सेवा घ्या, खाती उघडा, एमएक्सला हात लावू नका

कोणती सेवा घ्यावी यावर फार डोकं खपवू नका. ऑफिस एक्सेल-आउटलुकवर चालत असेल तर मायक्रोसॉफ्ट, सगळे फोनवर जीमेल वापरत असतील तर गूगल, कमी खर्चात फक्त मेल हवा असेल तर झोहो. झोहोच्या मोफत योजनेत आयमॅप आणि पॉप मिळत नाही, त्यामुळे आउटलुक आणि टॅली तिच्यावर चालणार नाहीत.

माणूस तितकीच खाती घ्या. अकाउंट्स, पर्चेस, डिस्पॅच असल्या पत्त्यांसाठी वेगळे पैसे भरायची गरज नाही. गूगलमध्ये एका खात्याला ३० पर्यंत उपनावं फुकट लावता येतात, मायक्रोसॉफ्टमध्ये ५० जीबीपर्यंतची सामायिक पेटी परवान्याशिवाय मिळते. एका खात्याचा पासवर्ड चौघांत फिरवणं मात्र इथेच थांबवा.

डोमेन तुमचंच आहे हे दाखवायला सेवा एक टीएक्सटी ओळ देते. ती डीएनएसमध्ये जशीच्या तशी डकवा, हाताने टाइप करू नका. या ओळीने मेलला काही होत नाही.

मग सगळ्यांची खाती एकाच बैठकीत उघडा. अर्धी उघडली आणि एकाने नवीन खात्यातून सहकाऱ्याला मेल टाकला, तर नवीन सेवा तो आतल्या आतच शोधते. सहकाऱ्याचं खाते तिथे नसेल तर मेल परत येतो, बाहेरचा एमएक्स काही का म्हणेना.

तपासा: कोणी आधीच ऑफिसच्या पत्त्यावर मोफत गूगल खाते उघडलेलं आहे का? असेल तर गूगल अॅडमिनमध्ये ते अडथळा म्हणून दाखवतं. आधी त्याचा निकाल लावा, नाहीतर त्या माणसाचं ड्राइव्ह एकीकडे आणि मेल दुसरीकडे असा घोळ होतो.

अॅडमिन खाते रोजच्या मेलचं असू नये. एक वेगळं अॅडमिन, दुसरं राखीव, दोन्ही मालकांच्या हातात. ज्याला बोलावलंय त्याला कामापुरता अधिकार द्या आणि काम संपलं की काढा.

## ६. आधी प्रत, मग चढवणं

आउटलुक बंद करून सगळ्या पीएसटी फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. आउटलुक चालू असताना केलेली कॉपी अर्धवट राहते. नंतर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून एक फाइल उघडून बघा. उघडली तरच ती प्रत म्हणायची. मग डिस्क काढून कपाटात.

आता तुमच्या वहीच्या पानाप्रमाणे दोन वाटा.

आयमॅपवाली खाती: नवीन सेवेच्या अॅडमिनमध्येच मायग्रेशनची सोय असते. तिथे जुना सर्व्हर, पत्ता, पासवर्ड भरला की मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो. तुमच्या गावच्या लाइनीचा त्यात संबंध येत नाही, मशीन बंद करून घरी गेलात तरी चालतं. लोक नेमकं उलटं करतात. आउटलुकमध्ये जुनं-नवीन खाते शेजारी ठेवून माउसने फोल्डर ओढत बसतात, म्हणजे प्रत्येक मेल आधी गावात उतरतो आणि परत वर चढतो. गूगलला आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच चढवता येतात. २० जीबी ओढायला ४० दिवस.

आयमॅपने फक्त मेल जातो. संपर्क आणि कॅलेंडर जात नाहीत, ते वेगळे सीएसव्हीत काढा. मायक्रोसॉफ्टच्या आयमॅप मायग्रेशनमध्ये ३५ एमबीहून मोठा मेल सुटतो आणि एका पेटीतून ५ लाखांपर्यंतच वस्तू येतात. लॅब रिपोर्ट, फोटो असलेले अवजड मेल आधी वेगळे उतरवून ठेवा.

पॉपवाली खाती: गूगलसाठी ‘वर्कस्पेस मायग्रेशन फॉर मायक्रोसॉफ्ट आउटलुक’ हे मोफत साधन पीएसटी वाचून वर चढवतं. मायक्रोसॉफ्टमध्ये जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकमधून इम्पोर्ट करता येतं. झोहोलाही पीएसटीची सोय आहे. सेंट फोल्डर निवडलाय ना, हे सुरू करण्याआधी बघा. एका वेळी एकच माणूस घ्या, सगळ्यात लहान फाइल आधी. पहिली नीट गेली की मोठ्यांना हात घाला.

तपासा: प्रत्येक पेटीत तीन मेल शोधा. सगळ्यात जुना, मधल्या एखाद्या हंगामातला अटॅचमेंट असलेला, आणि स्वतः पाठवलेला. दुसऱ्याची अटॅचमेंट उघडून बघा. मराठी फोल्डरांची नावं नीट आलीत का, तेही. हे तिन्ही सापडेपर्यंत सातव्या टप्प्यावर जाऊ नका.

आउटलुकमध्ये दोन अक्षरं टाइप केली की पत्ता आपोआप येतो, ती यादी मायग्रेशनमध्ये येत नाही. पहिला आठवडा ‘माझे पत्ते गेले’ ही ओरड होणार. नेहमीच्या पार्ट्यांचे पत्ते आधीच संपर्कात घालून ठेवा.

## ७. एमएक्सचा दिवस

दोन दिवस आधी डीएनएसमध्ये एमएक्सचा टीटीएल (बाहेरचे सर्व्हर ती ओळ किती वेळ लक्षात ठेवतात तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. होस्टिंगवर तो बऱ्याचदा १४४०० असतो, म्हणजे चार तास. त्याच वेळी डीएनएसच्या सगळ्या ओळींचा स्क्रीनशॉट काढा आणि प्रिंट मारून ठेवा.

ठरल्या दिवशी, शक्यतो शनिवारी संध्याकाळी:

१. जुन्या एमएक्स ओळी काढा, नवीन सेवेने दिलेल्या घाला. जुनी एखादी ‘असू द्या’ म्हणून ठेवू नका, काही मेल तिकडेच जात राहतो.

२. नेमसर्व्हर (तुमचा डीएनएस कोणाकडे आहे हे सांगणारी नोंद) बदलू नका. काही सेवा सेटअपमध्ये ‘तुमचा डीएनएस आमच्याकडे आणा’ असं सुचवतात. तो सल्ला घाईत मान्य केला की वेबसाइटच्या ओळी मागे राहतात आणि साइट झोपते. ए रेकॉर्डलाही, म्हणजे वेबसाइट कुठे आहे हे सांगणाऱ्या ओळीला, हात नको.

३. जुन्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन ईमेल राउटिंग ‘लोकल’वरून ‘रिमोट’ करा. सीपॅनेलमध्ये हे दोन क्लिकचं काम आहे आणि बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. जोवर ‘लोकल’ आहे तोवर त्या सर्व्हरला वाटतं की तुमचा मेल आपल्याकडेच आहे. मग वेबसाइटच्या फॉर्ममधली चौकशी, आणि त्याच सर्व्हरवर साइट असलेल्या दुसऱ्या फर्मचा मेल, गुपचूप जुन्या पेटीत पडत राहतो. बाकी सगळ्यांचा मेल व्यवस्थित येतो म्हणून कोणाला शंकाही येत नाही. नागपूर-अमरावतीचा एकच वेबसाइटवाला अख्ख्या बाजाराच्या साइटी एका सर्व्हरवर ठेवतो, त्यामुळे शेजारच्या जिनिंगचा मेल येत नाही पण कोइम्बतूरचा येतो, असा प्रकार दिसला तर आधी हेच बघा.

४. डीएनएसमधली जुनी ‘ऑटोडिस्कव्हर’ ओळ नव्या सेवेच्या सूचनेप्रमाणे बदला. नाहीतर आउटलुक जुन्या सर्व्हरचा पासवर्ड मागत बसतं.

५. आउटलुकमध्ये जुनं प्रोफाइल पुसू नका. कंट्रोल पॅनेलमधून नवीन प्रोफाइल करा, जुनं तसंच पडू द्या.

तपासा: बाहेरच्या जीमेलवरून, दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या मेलवरून आणि वेबसाइटच्या फॉर्ममधून प्रत्येकी एक मेल पाठवा. तिन्हींना उत्तर द्या. उत्तर समोर स्पॅममध्ये गेलं तर घाबरू नका, पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

मधल्या वेळात मेल हरवेल का, हा प्रश्न हमखास येतो. घेणारा सर्व्हर उत्तरच देत नसेल तर पाठवणारा सर्व्हर काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मेल लगेच हरवत नाही. पण तुमचा जुना सर्व्हर चालू आहे, तो मेल आनंदाने घेतो. म्हणून दोन-तीन दिवसांनी आयमॅप मायग्रेशन पुन्हा एकदा चालवा. मागे पडलेले तेवढेच उचलले जातील. पॉप असेल तर जुन्या प्रोफाइलने एकदा रिसीव्ह करा.

## ८. तुमच्या नावाने दुसऱ्याने मेल पाठवू नये म्हणून

तीन ओळी आहेत, तिन्ही डीएनएसमध्ये. एसपीएफ सांगते की तुमच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करते. डीमार्क सांगते की या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्यांकडून किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतात.

एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ असते. जुन्या होस्टिंगची आधीच असते, लोक तिच्याखाली दुसरी घालतात, आणि मग दोन्ही बाद ठरतात. असलेल्या ओळीतच नवीन सेवेचं ‘इन्क्लूड’ घाला. वेबसाइटचा फॉर्म अजून जुन्या सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर जुना भागही राहू द्या.

डीकेआयएम आपोआप सुरू होत नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हींत अॅडमिनमध्ये जाऊन चालू करावी लागते. डीमार्क ‘नन’पासून (काही अडवू नका, फक्त कळवा) सुरू करा, काही आठवडे अहवाल बघा, मग ‘क्वारंटाइन’. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं तर टॅलीतून जाणारी तुमची स्वतःचीच बिलं परत येतील.

तपासा: जीमेलवर मेल पाठवून तिथे ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींसमोर ‘पास’ दिसायला हवं.

## ९. टॅली, प्रिंटर आणि टू-स्टेप, याच क्रमात नाही

आधी सगळ्यांचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, नंतर यंत्रांकडे वळा. गूगल वर्कस्पेसमध्ये २०२५ पासून यंत्रांना नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करू देत नाहीत. त्यांना १६ अक्षरी अॅप पासवर्ड लागतो, आणि तो टू-स्टेप चालू असल्याशिवाय बनतच नाही. मायक्रोसॉफ्टनेही ऑक्टोबर २०२२ पासून जुन्या पद्धतीचं लॉगिन टप्प्याटप्प्याने बंद करत आणलं आहे. टॅलीत आणि प्रिंटरमध्ये सर्व्हरचं नाव, पोर्ट ५८७ किंवा ४६५, आणि अॅप पासवर्ड भरा. गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की अॅप पासवर्डही रद्द होतात. पुढे कधी ‘अचानक टॅलीतून मेल जात नाही’ झालं तर हेच कारण असतं.

ओटीपीसाठी एसएमएसवर भिस्त ठेवू नका. रेंज नसलेल्या दिवशी ओटीपी येत नाही आणि दिवाणजी बाहेर अडकतात. ऑथेंटिकेटर अॅप घ्या. ते नेटशिवाय, रेंजशिवाय कोड देतं, फक्त फोनची वेळ ऑटोमॅटिकवर हवी. बॅकअप कोडचा कागद प्रिंट करून तिजोरीत. मॉनिटरला चिकटवू नका.

महिन्यातून एकदा या तीन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रत्येक खात्यातले फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम. चोर आत शिरला की आधी एक छोटा नियम घालतो, ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल बाहेर पाठव आणि इथून लपव. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. दुसरी, लॉगिन असलेल्या यंत्रांची यादी. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला मेल उघडला आणि तसाच सोडला, हे दर दुसऱ्या ऑफिसात सापडतं. तिसरी, ड्राइव्हवर ‘लिंक असेल त्याला दिसेल’ म्हणून उघड्या ठेवलेल्या फाइली.

ही शेवटची गोष्ट शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गांभीर्याने घ्यावी. हमीभावाच्या नोंदणीसाठी गोळा केलेले सातबारे, आधार आणि पासबुकाचे फोटो मेलमध्ये आणि ड्राइव्हवर वर्षानुवर्षं पडून असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. काम झालेली कागदपत्रं वेगळ्या, मर्यादित लोकांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि मेलमधून काढा.

आणि खाते क्रमांक बदलल्याचा मेल. ‘आमची बँक बदलली, पुढचं पेमेंट या खात्यावर करा’ असा मेल ओळखीच्या पार्टीच्या खऱ्या पत्त्यावरूनही येऊ शकतो, कारण तिचं खातं फुटलेलं असतं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका. आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर करा, आवाज ओळखा, मग आरटीजीएस. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन आणि बँकेला कळवणं. तास-दोन तासांनी उपयोग कमी होत जातो. कंपनी असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा सायबर घटना ६ तासांत कळवायच्या असतात.

ऑफिसात अजून विंडोज १० असेल तर त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. क्रॅक केलेल्या विंडोजबद्दल काही लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

## १०. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही

जीमेलमध्ये पुसलेला मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, त्यानंतर अॅडमिनला आणखी २५ दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टमध्ये ट्रॅशही रिकामा केला तर नेहमीच्या सेटिंगने १४ दिवस, वाढवून ३०. त्यापुढे कोणाच्या हाती काही नाही. जीएसटी कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात, कंपनी कायद्यात वह्या ८ आर्थिक वर्षं. उत्पादक कंपन्यांनाही हेच लागू होतं.

तिमाहीला प्रत्येक खात्याचा मेल उतरवून बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्क लगेच काढा. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आल्यावर कॉम्प्युटरसोबतच बंद होते. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक हा बॅकअप धरू नका, इकडे बिघडलं की तिकडेही बिघडतं.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खाते पुसू नका. आधी निलंबित करा, पासवर्ड बदला, मेल दुसऱ्याकडे सोपवा. गूगलमध्ये पुसलेलं खाते २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३०.

## ११. जुनं बंद करणं

किमान एक पूर्ण महिना, शक्यतो जीएसटीचा एक फेरा होईपर्यंत, जुनी मेल खाती चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा वेबमेलमध्ये डोकावा. सलग दोन आठवडे तिथे स्पॅमशिवाय काही आलं नाही, तर बंद करायला हरकत नाही. काही येत असेल तर पाठवणारा कोण ते पाहून सातव्या टप्प्यातला राउटिंगचा मुद्दा पुन्हा तपासा.

सावधान: ‘मेल हलवला, आता होस्टिंगचे पैसे कशाला’ म्हणून पॅकेज बंद करू नका. वेबसाइट त्याच पॅकेजवर असते, आणि बऱ्याचदा डीएनएसही तिथेच. पॅकेज गेलं की नवीन एमएक्सची ओळही जाते आणि क्लाउडवरचा मेलही थांबतो. डीएनएस कुठे आहे ते पहिल्या टप्प्याच्या नोंदीत बघा. होस्टिंगवर असेल तर आधी तो डोमेनवाल्याकडे हलवा, सगळ्या ओळी प्रिंटवरून जुळवा, आठवडाभर थांबा. पॅकेज ठेवायचं असेल तर त्यातली जुनी मेल खाती तेवढी काढा, पॅनेलचा पासवर्ड बदला आणि टीटीएल पुन्हा ३६०० वर नेऊन ठेवा.